लसणीच्या जाती आणि त्यांची निवड

ज्वारीचे बियाणे एकराला चार किलो पुरते आणि ते फसले तर फार मोठे नुकसान होत नाही. वेळ असेल तर दुबार पेरणीही करता येते. लसणीचे तसे नाही. एक एकर लसूण लावण्यासाठी दोन ते अडीच क्विंटल पाकळ्या लागतात. हे बियाणे वेगळे असे काही नसते. जो माल बाजारात खाण्यासाठी विकला जातो तोच जमिनीत लावावयाचा असतो. त्यामुळे लसणीचा भाव चढला की बियाण्याचाही भाव तितकाच चढतो, आणि नेमके त्याच वर्षी नवीन शेतकरी या पिकाकडे वळतात. २०२४ च्या प्रारंभी अनेक शहरांत किरकोळ बाजारातील लसूण किलोला चारशे रुपयांच्या वर गेली होती. अशा वेळी जो भांडवल घालून लसूण लावतो, त्याला जातीची निवड चुकवून चालत नाही. लावलेली पाकळी परत काढता येत नाही, आणि चूक झाली आहे हे कळेपर्यंत चार महिने उलटलेले असतात.

ही चूक बहुधा एकाच प्रकारे होते. बाजारात किंवा एखाद्या व्यापाऱ्याच्या गोणीत मोठमोठ्या पाकळ्यांची, पांढरीशुभ्र, सोलावयास सोपी अशी लसूण दिसते. गावरान लसणीच्या बारीक पाकळ्या सोलून कंटाळलेल्या घरच्या मंडळींनाही ती आवडते. शेतकरी विचार करतो की एवढी मोठी पाकळी लावली तर गड्डाही तेवढाच मोठा येईल. ऑक्टोबरात लागवड होते. पीक जोमाने वाढते, पात रुंद व गडद हिरवी होते, शेजारच्या गावरान लसणीपेक्षा वीतभर उंच दिसते. जानेवारीत येणारे-जाणारे बांधावर थांबून पाहतात. फेब्रुवारीत शेजारची लसूण पिवळी पडू लागते, ही मात्र हिरवीच राहते. मार्चमध्ये ऊन तापू लागल्यावर पात शेंड्याकडून करपते, आणि उपटून पाहावे तर खाली गड्डा नाही. कांद्याच्या पातीसारखी जाड झालेली मान तेवढी हाती येते.

अशा वेळी खत कमी पडले, पाणी कमी पडले, बियाणे खोटे दिले, असे अनेक तर्क केले जातात. पुष्कळदा यांपैकी काहीच घडलेले नसते. बियाणे खरे असते, परंतु ते या भागाचे नसते.

गड्डा केव्हा भरतो

लसणीच्या झाडाच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात ते फक्त पाने काढते. दुसऱ्या भागात पाने काढण्याचे थांबवून आतल्या पानांच्या बगलेत पाकळ्या तयार करते, आणि पानांत साठविलेले सत्त्व त्या पाकळ्यांत उतरविते. पहिला भाग संपवून दुसरा केव्हा सुरू करावयाचा हे झाडाचे वय ठरवीत नाही. ते ठरते आधी मिळालेली थंडी, नंतर वाढत जाणारे तापमान आणि दिवसाची लांबी यांवरून. ही गरज प्रत्येक जातीची वेगळी असते, आणि जातीजातींतील सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे. रंग, पाकळ्यांची संख्या, तिखटपणा ही लक्षणे डोळ्यांना दिसतात, जिभेला कळतात. दिवसाच्या लांबीची गरज मात्र गड्डा हातात घेऊन कितीही न्याहाळला तरी कळत नाही.

नाशिकच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २० अंश उत्तरेस, डिसेंबरच्या अखेरीस दिवस जवळजवळ ११ तासांचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांचा होतो, १३ तासांचा होण्यास मे महिना उजाडतो, आणि जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांपेक्षा थोडाच मोठा असतो. महाराष्ट्रातील, गुजरातमधील व माळव्यातील मैदानी जाती ११ ते १२ तासांच्या दिवसांतच गड्डा धरतात. त्यांना ‘लहान दिवसाच्या जाती’ असे म्हणतात. याउलट हिमाचल प्रदेशाच्या डोंगराळ भागात, सुमारे ३१ अंशांवर, जूनमध्ये दिवस १४ तासांहून मोठा होतो. तेथील मोठ्या पाकळ्यांच्या जातींना गड्डा धरण्यासाठी तसा मोठा दिवस आणि त्याआधी दीर्घ काळ कडक थंडी लागते. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लावल्या जातात व पुढील उन्हाळ्याच्या सुरुवातीस निघतात. जमिनीत त्या सात-आठ महिने राहतात. अशी जात महाराष्ट्राच्या पठारावर लावली तर तिला हवा असलेला मोठा दिवस मे महिन्याशिवाय भेटत नाही, आणि तोपर्यंत कडक उन्हाने तिची पाने वाळून गेलेली असतात. झाड गड्ड्याच्या वेळेची वाट पाहत पाहतच संपून जाते.

येथे एक शंका घेतली जाते. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरात उत्तम लसूण पिकते; तेथील ‘मलै पूंडु’ या लसणीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनही मिळाले. तो प्रदेश तर नाशिकच्याही खूप दक्षिणेस, सुमारे १० अंशांवर आहे. तेथे दिवस कधीच १३ तासांचा होत नाही. मग तेथे लसूण कशी होते? याचे उत्तर उंचीत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर रात्री थंड असतात, आणि थंडी भरपूर मिळाली म्हणजे दिवसाच्या लांबीची गरज कमी होते. परंतु यावरून असे समजू नये की दक्षिणेकडील डोंगरी बियाणे आपल्या मैदानात चालेल. ते ज्या थंडीवर पोसले जाते ती थंडी मैदानात मिळत नाही.

जातींची ओळख

लसणीला सामान्यतः बी धरत नाही. पाकळी लावून पाकळीच घ्यावयाची, अशी तिची परंपरा आहे. त्यामुळे दोन जातींचा संकर करून नवी जात काढण्याचा जो मार्ग इतर पिकांत आहे तो येथे जवळजवळ बंद आहे. लसणीच्या बहुतेक सुधारित जाती म्हणजे ठिकठिकाणचे नमुने गोळा करून, ते एकत्र लावून, त्यांतून वर्षानुवर्षे चांगले गड्डे वेचून केलेली निवड होय. या नमुन्यांचे मूळ पाहिले तर मौज वाटते. ‘यमुना सफेद’ म्हणजे जी-१ या जातीचा मूळ नमुना दिल्लीच्या आझादपूर बाजारातून आणलेला होता. ‘अॅग्रीफाउंड व्हाइट’ म्हणजे जी-४१ ही बिहारमधील बिहारशरीफ भागातील नमुन्यातून, तर ‘यमुना सफेद-३’ म्हणजे जी-२८२ ही तमिळनाडूतील दिंडीगल येथील नमुन्यातून निवडण्यात आली. ‘अॅग्रीफाउंड पार्वती’ म्हणजे जी-३१३ या जातीचा नमुना तर थेट हाँगकाँगच्या बाजारातून आला. या सर्व जाती राष्ट्रीय बागवानी अनुसंधान व विकास प्रतिष्ठान या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने काढल्या. पूर्वीपासून चालत आलेल्या जातींपैकी ‘जामनगर’ हे नाव जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि ‘फावरी’ व ‘राजले गड्डी’ ही नावे जुन्या शेतकी ग्रंथांतून आढळतात.

गावरान म्हणून जी लसूण महाराष्ट्रात ओळखली जाते ती एकच एक जात नव्हे. गावागावांत तिचे प्रकार थोडेफार बदलतात. गड्डा लहान व घट्ट, सालीवर जांभळट छटा, पाकळ्या बारीक व पुष्कळ, वास उग्र, ही तिची सर्वसाधारण ओळख. उत्पादन कमी आणि सोलण्याचा खटाटोप मोठा, ही तिची उणी बाजू. परंतु जुडी बांधून आढ्याला टांगली तर ती पुढील पावसाळाभर टिकते, आणि ठेच्यासाठी, चटणीसाठी व फोडणीसाठी तिच्या चार पाकळ्या मोठ्या लसणीच्या आठ पाकळ्यांचे काम करतात, असे गृहिणी सांगतात. बाजारातही गावरान लसणीचे वेगळे गिऱ्हाईक असते. म्हणून सुधारित जात आली तरी गावरान लसणीचे दोन वाफे दरवर्षी राखावेत. एकदा गावातून ती गेली की पुन्हा तीच मिळविणे अवघड असते, कारण बी म्हणून ठेवता येईल असे तिचे काही नसते. एक हंगाम लावली नाही, की संपली.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडलेल्या ‘श्वेता’ आणि ‘गोदावरी’ या जाती महाराष्ट्रात बऱ्याच काळापासून परिचित आहेत. ‘श्वेता’ नावाप्रमाणे पांढरी. तिचा गड्डा सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचा असतो व त्यात साधारण २६ पाकळ्या असतात. ती १३० ते १३५ दिवसांत निघते. ‘गोदावरी’चा गड्डा मध्यम, जांभळट असून त्यात सुमारे २४ पाकळ्या असतात, तिला थोडे अधिक, म्हणजे १४० ते १४५ दिवस लागतात. दोन्ही जाती चवीला तिखट आहेत आणि चांगल्या व्यवस्थेखाली हेक्टरी शंभर क्विंटल किंवा त्याहून अधिक उत्पादन देतात. त्याच विद्यापीठाची ‘फुले बसवंत’ ही जात जांभळ्या सालीची असून तिच्यात २५ ते ३० पाकळ्या असतात. ‘फुले नीलिमा’ हीही जांभळ्या रंगाची जात आहे.

‘जी’ क्रमांकांच्या जातींपैकी महाराष्ट्राच्या दृष्टीने ‘अॅग्रीफाउंड व्हाइट’ व ‘यमुना सफेद’ या दोन विशेष विचारात घेण्यासारख्या आहेत. ‘अॅग्रीफाउंड व्हाइट’चा गड्डा घट्ट व रुपेरी पांढरा, पाकळ्या २० ते २५ आणि लांबट असतात, उत्पादन हेक्टरी १३० क्विंटलच्या आसपास मिळते. मात्र जेथे जांभळा व तपकिरी करपा नेहमी येतो तेथे ती जपून लावावी, कारण या रोगांना ती सहज बळी पडते. ‘यमुना सफेद’च्या पाकळ्या कोयत्यासारख्या वाकड्या, २५ ते ३०, आणि उत्पादन १५० ते १७५ क्विंटलपर्यंत जाते, करपा व फुलकिडे यांना ती त्या मानाने अधिक सोसते. ‘यमुना सफेद-२’ म्हणजे जी-५० ही बारीक व ३५ ते ४० पाकळ्यांची जात मुख्यतः उत्तर भारतासाठी आहे. ‘यमुना सफेद-३’ मध्ये पाकळ्या फक्त १५-१६ पण मोठ्या, आणि गड्डा पाच ते सहा सेंटिमीटरचा असतो. निर्यातीसाठी तिला मागणी असते. मोठी पाकळी हवी असेल तर मैदानी भागातील शेतकऱ्याने या जातीचा विचार करावा, डोंगरी लसणीचा नव्हे.

‘अॅग्रीफाउंड पार्वती’ ही वर सांगितलेल्या दीर्घ दिवसाच्या जातींपैकी आहे. गड्डा पाच ते साडेसहा सेंटिमीटर, पाकळ्या अवघ्या १० ते १६, सालीवर गुलाबी छटा, आणि पिकास २३० ते २४० दिवस. उत्तरेकडील डोंगराळ राज्यांतील मध्यम व उंच प्रदेशासाठी तिची शिफारस आहे व तेथे ती फार चांगली येते. महाराष्ट्रात ती लावू नये.

कांदा व लसूण यांच्या संशोधनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९४ मध्ये नाशिक येथे स्वतंत्र केंद्र काढले. १९९८ मध्ये ते पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे नेण्यात आले आणि २००८ मध्ये त्याचे संचालनालय झाले. तेथील ‘भीमा ओंकार’ व ‘भीमा पर्पल’ या जाती १२० ते १३५ दिवसांच्या आहेत. ‘भीमा ओंकार’ पांढरी, १८ ते २० पाकळ्यांची असून तिची शिफारस गुजरात, राजस्थान, हरियाणा व दिल्ली यांसाठी आहे. ‘भीमा पर्पल’ जांभळी, १६ ते २० पाकळ्यांची असून जी राज्ये तिच्या शिफारशीत आहेत त्यांत महाराष्ट्र येतो. तिचे उत्पादन हेक्टरी ६० ते ७० क्विंटल, म्हणजे वरील काही जातींहून कमी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उत्पादनाचे हे आकडे चांगल्या जमिनीवर, वेळेवर लावलेल्या व नीट जोपासलेल्या पिकाचे आहेत. जात बदलली म्हणून तेवढे उत्पादन आपोआप मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तसेच रंगावरून तिखटपणा ठरविण्याची जी पद्धत आहे तीही खरी नाही. जांभळी लसूण तिखट आणि पांढरी सौम्य, असा नियम नाही. सालीचा जांभळा रंग थंडीने गडद होतो, आणि एकाच जातीचा गड्डा दोन ठिकाणी वेगळ्या छटेचा येऊ शकतो. लसणीचा उग्रपणा तिच्यातील गंधकयुक्त द्रव्यापासून येतो. पाकळी ठेचली किंवा चिरली म्हणजे ते द्रव्य बदलून वास सुटतो. अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतोच. जमिनीत गंधक कमी असेल तर कोणत्याही जातीची लसूण फिकी पडते.

एकपाकळी लसणीविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. औषधासाठी ती महाग विकली जाते आणि तिचे वेगळे बियाणे असते असे सांगून ते विकणारेही भेटतात. आपल्याकडील पिकात जो एकाच गोल पाकळीचा गड्डा सापडतो तो बहुधा वेगळ्या जातीचा नसतो. पाकळी फार बारीक लावली, किंवा लागवड फार उशिरा झाली, म्हणजे झाडाला पुरेशी पाने येण्यापूर्वीच गड्डा धरण्याची वेळ येते. मग पाकळ्या विभागल्याच जात नाहीत. तोच गोल गड्डा पुढील वर्षी वेळेवर लावला तर त्यापासून नेहमीसारखा अनेक पाकळ्यांचा गड्डा मिळतो.

बियाणे कसे पाहावे

जात ठरल्यावर बियाण्याचा प्रश्न येतो. शक्यतो मागील हंगामातील मैदानी भागात पिकलेली, जुडीत टांगून किंवा हवेशीर चाळीत ठेवलेली लसूण बियाण्यास घ्यावी. शीतगृहातून काढलेली लसूण बियाण्यास वापरू नये. शीतगृहातील थंडीने पाकळीची झोप मोडते. ती लवकर उगवते, गड्डाही अकाली धरते आणि पुष्कळदा गड्ड्याच्या कडेने नवे कोंब फुटून माल ओबडधोबड होतो. ऑक्टोबर महिन्यात बाजारातील कोणती लसूण शीतगृहातील आणि कोणती चाळीतील हे विकणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ओळखीच्या शेतकऱ्याकडून, त्याचे उभे पीक फेब्रुवारीत पाहून, त्याच वेळी बियाणे ठरवून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पीक उभे असताना त्यातील रोगही दिसतात. लसणीत विषाणू पाकळीबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत येतात, आणि चांगले बियाणे दहा वर्षांनी ‘उतरले’ असे जे म्हणतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. पिवळ्या रेषा पडलेली, खुरटलेली झाडे ज्या शेतात अधिक असतील तेथील बियाणे घेऊ नये.

गड्डे लावणीच्या एक-दोन दिवस आधी फोडावेत. आठवडाभर आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्या सुकतात. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या, आठ ते दहा मिलिमीटर जाडीच्या पाकळ्या लावण्यास घ्याव्यात. आतल्या बारीक, चपट्या पाकळ्या घरी खाण्यास ठेवाव्यात. हे सांगणे सोपे आहे. परंतु महागडे बियाणे घेतल्यावर बारीक पाकळी बाजूला काढण्यास हात धजत नाही, हेही खरे आहे. त्यासाठी हिशेब पाहावा. १५ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर अंतराने लावल्यास एका एकरात सुमारे दोन लाख सत्तर हजार जागा होतात. पाट, वरंबे व कोपरे वजा जाता दोन लाखांहून थोड्या अधिक उरतात. एका ग्रॅमची पाकळी धरली तर दोन क्विंटलांहून थोडे अधिक बियाणे लागते, दीड ग्रॅमची धरली तर तीन क्विंटलांपेक्षा अधिक. बारीक पाकळ्या लावून बियाणे वाचते खरे, परंतु तेवढ्याच जागेला, तेवढ्याच खुरपणीला आणि तेवढ्याच पाण्याला बारीक गड्डा येतो, आणि बारीक गड्ड्याला बाजारात दर मिळत नाही. पाकळ्या लावण्यापूर्वी शिफारशीच्या बुरशीनाशकात बुडवून सावलीत निथळू द्याव्यात.

लागवड व जोपासना

लसणीला पाण्याचा निचरा होणारी, भुसभुशीत, मध्यम कसाची जमीन मानवते. भारी काळ्या जमिनीत गड्डा वेडावाकडा होतो व काढताना तुटतो. चोपण जमीन तर टाळावीच. त्याच शेतात आदल्या हंगामात कांदा किंवा लसूण नसावी. मूग, भुईमूग, सोयाबीन किंवा बाजरी निघाल्यावर ही जमीन घ्यावी, हेक्टरी २० टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि ढेकळे पूर्ण फोडावीत.

महाराष्ट्रात ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा व नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा लागवडीचा योग्य काळ होय. झाडाला गड्डा धरण्यापूर्वी जितकी अधिक पाने येतील तितका गड्डा मोठा, हे वरील विवेचनावरून लक्षात येईलच. डिसेंबरात लावलेल्या लसणीला पाने काढण्यास वेळच मिळत नाही. गड्डा धरण्याची वेळ मात्र ठरलेलीच असते, ती तिच्यासाठी थांबत नाही.

सपाट वाफ्यात लागवड करण्याची पद्धत जुनी व सोपी आहे. ठिबक सिंचन असेल तेथे १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे करून त्यावर दोन नळ्या टाकाव्यात; पाणी वाचते आणि मुळाशी पाणी साचत नाही. पाकळीचे टोक वर व बूड खाली ठेवून ती साधारण पाच सेंटिमीटर खोल लावावी. पाकळी उलटी किंवा आडवी पडली तरी उगवते, पण मान वाकडी होते व गड्डा बेडौल येतो. लावणीनंतर हलके पाणी द्यावे आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी द्यावी. पुढे जमिनीच्या मगदुराप्रमाणे आठ ते दहा दिवसांनी पाणी द्यावे. गड्डा पोसण्याच्या काळात पाण्याची आबाळ होऊ देऊ नये. त्या वेळी आधी ताण व नंतर भरपूर पाणी असे झाले तर गड्डे फुटतात. काढणीपूर्वी पंधरा ते वीस दिवस पाणी तोडावे.

खतांची मात्रा सर्वसाधारणपणे हेक्टरी नत्र १०० किलो, स्फुरद ५० किलो व पालाश ५० किलो अशी आहे. एकराला ती अनुक्रमे ४०, २० व २० किलो होते. जमिनीतील गंधकाचे प्रमाण पाहून ३० ते ५० किलो गंधकही लागवडीपूर्वी द्यावे. स्फुरद, पालाश व निम्मे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले नत्र एक महिन्याने व दीड महिन्याने विभागून द्यावे. दोन महिन्यांनंतर नत्र देऊ नये. पीक थोडे फिके दिसले की युरिया फेकण्याची सवय पुष्कळांना असते. लसणीत तिचा दुष्परिणाम ताबडतोब दिसतो. तयार होत आलेल्या पाकळ्यांना शेतातच कोंब फुटतात, गड्डा सैल व रबरासारखा होतो. झाडे फार विरळ लावली तरी हाच दोष येतो.

मुळे उथळ असल्यामुळे खुरपणी हलक्या हाताने, पहिली २५ ते ३० दिवसांनी व दुसरी ४० ते ४५ दिवसांनी करावी. गड्डा भरू लागल्यावर खुरपे घालू नये.

किडींमध्ये फुलकिडे मुख्य. ते पानांच्या बेचक्यात राहून रस शोषतात, पानांवर पांढरट ठिपके पडतात व पाने वाकडी होतात. लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी लावल्यास बाहेरून येणाऱ्या फुलकिड्यांना अडसर होतो. पाने नीट न उलगडता गुंडाळलेली व कडेने पिवळी दिसली तर कोळी समजावा. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. ढगाळ व दमट हवेत करपा येतो. त्याची पहिली लक्षणे दिसताच शिफारशीतील बुरशीनाशकाची फवारणी करावी, आणि औषधाच्या वेष्टनावरील मात्रा व प्रतीक्षा काळ पाळावा.

काढणी, साठवण व गावातील तुलना

पात पिवळी पडून शेंडे वाळू लागले व माना लवू लागल्या म्हणजे काढणीची वेळ झाली. वाफसा असताना झाडे पातीसह उपटावीत. दोन-तीन दिवस शेतातच, एका ओळीचे गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील अशा रीतीने पसरावीत; उघडे गड्डे उन्हाने भाजतात. नंतर सावलीत वाळवून वीस-पंचवीस झाडांच्या जुड्या बांधाव्यात आणि हवेशीर जागी टांगाव्यात. पात कापून पोत्यात भरलेली लसूण लवकर पोकळ होते. घट्ट गड्ड्याच्या जाती अधिक टिकतात. मोठ्या पाकळ्यांच्या जाती पहिल्या काही महिन्यांत विकून टाकणे बरे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ज्या गावात लसूण होते तेथे एका प्रगतिशील शेतकऱ्याच्या शेतात दरवर्षी तुलनेचे चार वाफे घालावेत. त्यास गुंठा-दोन गुंठे जमीन पुरते. एका वाफ्यात गावची गावरान लसूण असावी व इतर तिहींत शिफारशीतील तीन जाती असाव्यात. चारही वाफे एकाच दिवशी, सारख्याच जाडीच्या पाकळ्या निवडून लावावेत, अन्यथा तुलना खोटी ठरते. प्रत्येक वाफ्यावर जातीच्या नावाची पाटी असावी, आणि जुड्या बांधतानाही नावाची चिठ्ठी जुडीतच बांधावी, कारण उन्हाळ्यात टांगलेल्या चार पांढऱ्या जुड्यांतील कोणती कुठली हे भाद्रपदापर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. वहीत लावणीची तारीख, पात पिवळी पडू लागल्याची तारीख, काढणीची तारीख, करपा आला असल्यास त्याचे प्रमाण आणि काढणीचे वजन यांची नोंद ठेवावी.

वजन दोनदा करावे. पहिले वजन जुड्या वाळल्यावर, एप्रिलमध्ये. दुसरे सप्टेंबरच्या अखेरीस, नवी लावणी तोंडावर आली असताना. त्या वेळी पोकळ, काळे पडलेले व कोंब फुटलेले गड्डे वेगळे काढून उरलेल्या चांगल्या मालाचे वजन घ्यावे. एप्रिलमध्ये जी जात पहिली असते ती सप्टेंबरात पहिली राहतेच असे नाही. ज्या शेतकऱ्याला काढणीबरोबर माल विकावयाचा आहे त्याने पहिला आकडा पाहावा, आणि ज्याला भाव चढेपर्यंत थांबावयाचे आहे किंवा स्वतःचे बियाणे राखावयाचे आहे त्याने दुसरा. दुसऱ्या वजनाच्या दिवशी गावातील लसूण लावणाऱ्यांना बोलवावे, जुड्या त्यांच्यासमोर सोडाव्यात, आणि वाफ्यांतील चांगले गड्डे त्यांच्यात वाटून द्यावेत, म्हणजे प्रत्येकाला पुढील हंगामात स्वतःच्या जमिनीत एक वाफा लावून पाहता येईल.